निल्याने मारलं नाही

काल रात्री 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमच्या जुन्या, क्लासिक आवृत्तीत, ब्लॅकरॉक माउंटनमध्ये, निल्या भेटला. आमच्या बाजूने खेळणारा मित्र, आता शत्रूच्या बाजूला गेलेला. आणि त्याने मला मारलं नाही. एवढंच झालं. पण सकाळी मुलुंडहून निघून घाटकोपरला मेट्रो पकडेपर्यंत डोक्यात तेच, ऑफिसात तेच, आणि आत्ता जेवणं आटोपून लिहायला बसले तरी तेच.

मोल्टन कोअरच्या रेडला, म्हणजे अनेकांनी मिळून लढायच्या मोहिमेला, जायचं तर त्या डोंगरातूनच वाट. आतल्या पुलासारख्या साखळीवर होर्डचा, म्हणजे आम्हा अलायन्सवाल्यांच्या शत्रूबाजूचा, जथा ठाण मांडून असतो. आम्ही मोजके जण जमून गेलो, सगळे पडलो. भूत होऊन परत प्रेतापाशी पळा, उठा, पुन्हा पडा. शेवटी मी उठले तेव्हा जथा रेडमध्ये शिरला होता आणि एकच ऑर्क शमन मागे राहिला होता. माझं रक्त निम्मं, माना (जादूची ताकद) निम्मा. दोन फटक्यांचं काम होतं. मग त्याचं नाव वाचलं. 'मिसळ' हा शब्द असलेलं नाव निल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं असणार? त्याने हात हलवला. काहीतरी टाइपही केलं, पण मला दिसली ती ऑर्किशमधली निरर्थक अक्षरं, कारण समोरच्या बाजूचं बोलणं हा गेम कळूच देत नाही. मग तो बाजूला सरकून बसला आणि मी साखळी ओलांडेपर्यंत बसून राहिला.

मी हीलर, म्हणजे सोबत्यांना बरं करणारी. रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज: "अगं, ये ना इकडे. आम्हाला हीलर लागतातच."

आम्हाला.

मारलं असतं तर राग आला असता. राग मला चालतो. उद्या पुन्हा जमवाजमव करून जायला राग कामाला येतो. जीवदान मिळालं की काय करायचं? एवढे मोठे तुम्ही, आणि आम्ही इतके थोडे की मारण्यातही काही राहिलेलं नाही, असं ते वाटलं. त्याच्या मनात तसं काही नसणार. मला माहीत आहे. तरी वाटलं.

क्लासिकच्या पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांना मारायच्या) सर्व्हरवर एका खात्यात दोन्ही बाजू ठेवता येत नाहीत. म्हणजे निल्याने त्याचा ड्वॉर्फ पॅलाडिन पुसून टाकला आणि पहिल्या लेव्हलपासून शमन वाढवला. जुन्या गेममध्ये पॅलाडिन फक्त अलायन्सकडे, शमन फक्त होर्डकडे, तेव्हा नेहमीचा क्लास, म्हणजे लढवय्याचा प्रकारसुद्धा, सोडून गेला. इतकं सगळं केलं आणि आधी एका शब्दाने बोलला नाही. असो.

डिस्कॉर्डवरच्या आमच्या गप्पांत आज पुन्हा तोच वाद, दोन्ही बाजूंच्या संख्येचा तोल कसा साधायचा. जो तो बक्षिसाचं सुचवतो. कमी माणसं असलेल्या बाजूला जास्त द्या, म्हणजे लोक येतील. हे करून झालंय. २००८मध्ये विंटरग्रास्पच्या लढाईत कमी संख्येच्या बाजूला टेनॅसिटी मिळायची, अंगात जास्त रक्त आणि फटक्यात जास्त जोर. २०१८मध्ये वॉर मोड (एकमेकांना मारण्याची मुभा आपणहून चालू करायची सोय) आला, त्यानंतर अलायन्सचा बक्षिसातला जादा हिस्सा ३० टक्क्यांपर्यंत नेला. लोक तो टक्का घेतात, पण टक्क्यासाठी आपली माणसं सोडत नाहीत. २००७मध्ये होर्डला देखणे ब्लड एल्फ दिले, त्याने नवे लोक आले हे खरं, पण ते नवे होते, खेळ सुरू करतानाच बाजू निवडणारे. एकदा मित्र एका बाजूला जमले की मग कोणी हलत नाही. आणि हललाच तर जिकडे गर्दी तिकडेच हलतो.

गर्दी कमी व्हावी म्हणून फुकटात सर्व्हर बदलायची सोय दिली, तर आधी कोण जातं? जे रोज मार खातायत ते. चाळ पाडायची ठरली की सगळ्यात आधी ज्यांच्या घरात पाणी चढत नाही ते बिऱ्हाड हलवतात, तसंच. मागे उरतात त्यांना कमी माणसांत जास्त भोगावं लागतं, मग त्यांतलेही जातात.

मला दारातच अडवणं पटतं. २०२३मध्ये सीझन ऑफ डिस्कव्हरी या क्लासिकच्याच हंगामाच्या पीव्हीपी सर्व्हरवर ज्या बाजूची संख्या फार वाढेल तिच्यात नवं कॅरेक्टर करणं बंद ठेवलं होतं. लोक चिडतात, एखाद्याचा भाऊ बाहेर राहतो, पण सर्व्हर जगतो. दुसरा उपाय भिंतच पाडण्याचा. २०२२पासून रिटेलमध्ये (गेमच्या आजच्या आवृत्तीत) दोन्ही बाजूंना एकत्र रेड करता येते. इकडे तसं झालं तर निल्या आणि मी पुन्हा एका पार्टीत येऊ. मग त्या साखळीवर कोण कुणासाठी उभं राहणार, हे मला सुचत नाही.

संध्याकाळी त्याला फोन केला. भांडायलाच केला होता. तो म्हणाला, "तुझं ठीक आहे गं, मला रोज दोन वाजेपर्यंत जागता येत नाही आता." आपल्या गिल्डची (कायमच्या गटाची) रेड युरोपातल्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि थंडीत साडेबारा. बाबा आत झोपलेले असतात म्हणून मी माईकवर कुजबुजते, ते काय त्याला ठाऊक नाही? त्याची शिफ्ट बदलली, घरात तान्हं बाळ. होर्डकडे इतकी माणसं आहेत की दिवसभर कुणाची ना कुणाची रेड चालू असते, त्याला दुपारची मिळते. आमच्याकडे एकच वेळ, कारण एकाच वेळेपुरती माणसं उरलीत. तो झोपेसाठी गेला. ह्यावर मी काय भांडणार? बाळाचं विचारलं. दात येतायत म्हणे.

ठेवताना एवढं सांगितलं, की पुढच्या वेळी दिसले तर मार. सोडू नकोस. तो हसला आणि बरं म्हणाला.

मग गिल्ड लीडरला लिहिलं की मोल्टन कोअरसाठी चाळीस जण जुळत नाहीत तर रोज रात्री रडत बसण्यापेक्षा झुल'गुरूब धरू, तिथे वीस पुरतात. रविवारी त्यांच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे साडेतीन. म्हणजे कामावरची, लेकुरवाळी, परीक्षेवाली सगळी येऊ शकतील. तो हो म्हणाला. हीलर पुरेसे आहेत, मेज (जादूगार) नेहमीसारखे नको तितके आलेत. टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा) एकच आहे. दुसरा कुणी असेल तर शनिवारपर्यंत कळवा, गिअर (चिलखत, शस्त्रं) नसलं तरी चालेल, आम्ही सांभाळून घेऊ.