तुम्ही विचारलंत म्हणून: ही गिटार पॉलिश का करून घेत नाही?

माझी गिटार पाहिली की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो. "हिच्यावर एवढा खर्च करता, मग एकदा घासून छान पॉलिश का नाही मारून घेत?" विचारणाऱ्याचा जीव कळवळलेला असतो, आणि दिसतंच तसं. गोल भोकाच्या खाली रंग उडून लाकूड उघडं पडलंय, मानेमागचं लॅकर अंगठ्यानं पार गेलंय, कडांना टवके आहेत. म्हणून एकदा नीट सांगते.

ही हार्मनी सॉव्हरिन, शिकागोची. ती कंपनी 1975 मध्ये बंद पडली. माझा मामा बोटीवर होता, त्यानं ही परदेशातल्या कुठल्याशा बंदरावर जुनीच घेतली. आत आरसा धरला की पाठीच्या फळीवर 66 सालचा शाईचा शिक्का दिसतो. वरची फळी अस्सल स्प्रूसच्या लाकडाची, प्लायवूड नव्हे. जाडी जेमतेम 3 मिलिमीटर, आणि सगळा आवाज तिच्या थरथरण्यातून येतो. घासायला घेतली की लॅकरबरोबर लाकूडही जाणार. वर नवा जाड थर चढवला की फळी जड होणार, आवाज कोंडणार. मग मामाची गिटार फक्त दिसायला उरेल.

पण दुरुस्तीत मी कंजुषी करत नाही. सहा तारा मिळून रात्रंदिवस सुमारे 70 किलोची ओढ लावतात. इतक्या वर्षांत मान हळूहळू पुढं झुकली. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, तार 5 मिलिमीटर वर आली होती, एफ कॉर्ड धरताना बोटं कळायची. वसईच्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांना सगळे अंकल म्हणतात. त्यांनी पंधरावी फ्रेट काढून तिच्या खाचेत बारीक भोक पाडलं, कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावली आणि वाफ सांध्यात सोडली. थोड्या वेळानं मान हलली, मग अलगद हातात आली. मी श्वास रोखून उभी होते. "घाबरू नका ताई, हिला उघडायचंच म्हणून असं बनवलंय," ते म्हणाले. मानेच्या टाचेवरून पटाशीनं कागदाएवढं लाकूड काढून कोन बदलला आणि सरस, म्हणजे सुतारकामाचा जुना गोंद, लावून पुन्हा बसवली. आता तार अडीच मिलिमीटरवर आहे.

सरसाचं महत्त्व मला ठेच लागून कळलं. त्याआधी एका पावसाळ्यात ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची फळीवरची पट्टी, उचलला गेला, तेव्हा जवळच्या दुकानात एपॉक्सी भरून वर दोन स्क्रू मारून दिले होते. दोन वर्षांत ब्रिज पुन्हा सुटला, तो फळीचे तंतू ओरबाडून घेऊनच. अंकलनी तिथं रेषेला रेष जुळवून स्प्रूसचं ठिगळ बसवलं. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. पुढच्या माणसाला लाकूड न फाडता काम करता येतं. एपॉक्सी ही सोय ठेवत नाही.

अमेरिकन गायक विली नेल्सनची गिटार पाहिलीत का? मार्टिन एन-20, नायलॉनच्या तारांची, 1969 पासून त्यांच्याजवळ. अशा गिटारला पिकगार्ड, म्हणजे फळी ओरखडू नये म्हणून लावलेली पट्टी, नसतं आणि ते पिकनं (तारा छेडायच्या चकतीनं) वाजवतात, म्हणून फळीला दुसरं भोकच पडलंय. ऑस्टिनचे गिटार-कारागीर मार्क अर्लवाइन वर्षानुवर्षं तिची देखभाल करतात, पण ते भोक काही बुजवलेलं नाही. माझ्या गिटारवरची उघडी जागा मामाच्या हाताची आहे. तो गेला तेव्हा मी अकरावीत होते. वाजवताना माझं मनगट बरोबर तिथंच येतं.

सध्या पहिल्या तीन फ्रेटांवर तारांनी खाचा पाडल्यात, बी तार झणझणते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वसईला नेणार आहे.