सागरेश्वरात मोठा सांबर बघायचा तर संक्रांतीला या

नोव्हेंबर-डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात जाऊन आलेले बरेच जण सांगतात, माद्या दिसल्या, पाडसं दिसली, पण मोठा नर काही दिसला नाही. मी सगळ्यांना संक्रांतीच्या आसपास परत या म्हणतो.

नोव्हेंबर-डिसेंबरात सांबराचा माज, म्हणजे नर-मादीच्या मिलनाचा काळ, ऐन भरात असतो, तेव्हा मोठा नर एका जागी टिकत नाही. माद्यांच्या मागं फिरणं, बुंध्यांना शिंगं घासणं, चिखलात लोळणं, दुसऱ्या नराला हुसकावणं यातच त्याची रात्र जाते आणि खाणं मागं पडतं. जानेवारीत तो उतरतो, बरगड्या दिसू लागतात, मग पोटासाठी त्याला चाऱ्यावर आणि पाण्यावर यावंच लागतं. अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे शिकारी याच हिशेबानं चालतात. त्यांच्या उत्तरेकडच्या भागात नोव्हेंबरच्या मध्यावर माज टिपेला असतो. तो ओसरला की थकलेला नर चाऱ्यावर गाठायचा. गाभ न राहिलेली मादी साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, तेही हिशेबात धरायचं. तिथं परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं ती बंद आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण जनावर ओळखायची त्यांची नजर मात्र घ्यावी.

शिंगांची टोकं मोजून वय काढू नका. पूर्ण वाढलेल्या सांबराला एका बाजूला बहुधा तीनच टोकं असतात, मग तो नुकता भरलेला असो की म्हातारा. शिंगाचा बुडखा बघा, मान बघा. गेल्या जानेवारीत पाणवठ्यावर एक नर दुर्बिणीत जवळून मिळाला. मानेवर आयाळीसारखे राठ केस, अंग काळपट, शिंगांच्या बेचक्यात वाळलेला चिखल. गळ्याखाली केस गेलेला लालसर, ओलसर डाग. लोकांना ती जखम वाटते, पण माजाच्या दिवसांत सांबराला असा डाग दिसतोच. तो बराच वेळ पाणी पीत राहिला. मी श्वास रोखून बघत होतो.

वाऱ्याचं भान ठेवा. थंडीत पहाटे गार हवा उतारावरून खाली येते, म्हणून तेव्हा पाणवठ्याच्या खालच्या अंगाला थांबा. ऊन चढलं की हवा वर सरकते, मग वरच्या रस्त्यावर जा. तुमचा वास लागला की सांबर पाय आपटतो, ‘ढाँक’ करून ओरडतो आणि झाडीत शिरतो.

हे जंगल माणसांनी उभं केलंय. धों. म. मोहित्यांनी बोडक्या डोंगरावर झाडं लावण्याचा ध्यास घेतला आणि १९८५ मध्ये इथं अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटर. कुंपणालगतच्या आमच्या अण्णांच्या उसात सांबर शिरतात, तेव्हा घरात चिडचिड होते. नुकसान खरंच होतं, आणि भरपाई वेळेत मिळायला हवी.

मार्च-एप्रिलात शिंगं गळतात. पडलेलं शिंग दिसलं तर उचलू नका, घरी ठेवणं गुन्हा आहे. शिवाय साळिंदरं ती कुरतडून खातात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं.