कडबनवाडीच्या माळावर, कापडी लपणात

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या परिसरात जानेवारीतल्या एका पहाटे, तांबडे फुटण्याच्याही आधी, शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी मी एका लहानशा पाणवठ्यापासून वीसेक मीटरवर लावलेल्या कापडी लपणात जाऊन बसलो. जमीन ज्यांची, ते मेंढपाळ आजोबा लपणापर्यंत सोबत आले आणि मी आत शिरताच मोठ्याने बोलत एकटेच परत फिरले. आलेली माणसे निघून गेली असे पक्ष्यांना वाटावे, यासाठीची ही जुनी रीत आहे. लपण चार दिवस आधीच उभे केले होते, कारण शिकारी पक्ष्याच्या नजरेला माळावरची नवी वस्तू लगेच खटकते आणि तिची सवय होण्याआधी आत बसल्यास त्या पक्ष्याचे पाणीच तोडल्यासारखे होते.

नऊच्या सुमारास पखुर्डींचा थवा पाण्यावर उतरला आणि पुढच्याच क्षणी एकदम उडून गेला. मी कॅमेऱ्यावरचा हातही हलवला नाही. काही वेळाने सापमार गरुड काठावर उतरला. घुबडाची आठवण करून देणारे मोठे डोके, पिवळेधमक डोळे आणि सापाच्या दंशापासून काहीसा बचाव करणारे जाड खवल्यांचे उघडे पाय, हे सारे इतक्या जवळून मी प्रथमच पाहत होतो. तो बराच वेळ नुसता उभा राहिला, मग छातीपर्यंत पाण्यात शिरला आणि पंख आपटत न्हाऊ लागला. सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागाइतका वेग ठेवून मी छायाचित्रे घेतली. त्यांतील अनेक बाद करावी लागली, कारण पाणी उडताच डोळ्यावर सरकणारे पातळ पटल नेमके त्याच क्षणी मिटलेले होते आणि पांढुरक्या डोळ्याचा गरुड निर्जीव दिसतो.

आमिष म्हणून कोंबडी किंवा मांस टाकून गरुड बोलावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती मला मान्य नाही. त्या छायाचित्रात पक्षी खरा असतो, पण त्याचे वागणे आपण विकत घेतलेले असते. घरट्याजवळ लपण लावणे तर मी सर्वस्वी अयोग्य मानतो, कारण सापमार गरुड विणीला एकच अंडे घालतो आणि बिथरलेली मादी घरट्यावरून उठली तर तेवढेही हातचे जाते.

दहानंतर जमीन तापली, हवा थरथरू लागली आणि लांबचे प्रत्येक छायाचित्र लाटांतून पाहिल्यासारखे येऊ लागले. दुपारभर एक कापशी घार हिवराच्या झाडाच्या शेंड्यावर बसून होती, एवढेच.

चारनंतर मात्र भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी आले. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणारे हे पक्षी गवतापासून हातभर उंचीवर, पंख किंचित वर धरून तरंगत नाकतोडे आणि उंदीर शोधतात. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर पंखावरच्या काळ्या पट्ट्यामुळे चटकन ओळखता येतो. त्याची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी मात्र फार सारख्या दिसतात, आणि कानामागची फिकट कॉलर नीट दिसल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. त्या दिवशी दोन माद्यांची नोंद मी नुसती ‘भोवत्या’ अशीच ठेवली.

हे पक्षी रात्री झाडावर नव्हे, जमिनीवर, उंच गवतातच मुक्काम करतात. सरकारी दप्तरात अशा माळांची नोंद अनेकदा पडीक जमीन म्हणून होते आणि मग तिथे चर खणून रोपे लावली जातात, याचे मला मनापासून दुःख होते, कारण दाट झाडी आली की भोवत्याला उतरायला जागा उरत नाही.

सूर्य मावळल्यावर एकामागून एक सात भोवत्या कुसळीच्या गवतात उतरले. आता मी बाहेर पडलो असतो तर ते सगळे पुन्हा उठले असते. म्हणून छायाचित्र घेण्याइतका उजेड उरला नसतानाही, आजोबांची विजेरी दूर बांधावर दिसेपर्यंत आणि गवताचा काळोखात काही थांग लागेनासा होईपर्यंत, मी लपणातच बसून राहिलो. मग वाकून, पाणवठ्याच्या विरुद्ध बाजूने, सावकाश बाहेर आलो.