तुम्ही विचारलंत म्हणून: एका वेळी एकच गोळी

"पन्नास मीटरवर कागद, हातात बोल्टची पॉइंट टू-टू रायफल, एका वेळी एकच गोळी, तीही एवढीशी. ह्यात दोन-दोन तास रमण्यासारखं असतं तरी काय?" पणजीच्या ऑफिसात विचारतात, फोंड्याच्या लग्नात विचारतात, चवथीला घरी आलेले पाहुणेही विचारतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तेव्हापासून तर जरा जास्तच. सत्तरी-सांग्याकडची मंडळी याला आणखी एक प्रश्न जोडतात: "रानडुकरांसाठी घेतलीत का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा, तिचं काम वेगळं. ही रायफल कागदासाठी आहे.

पहिल्याचं उत्तर असं, की ही रायफल चूक लपवू देत नाही. गोळी कुठे गेली हे सगळ्याच बंदुका सांगतात. का गेली, हे शोधता येण्याइतकं स्पष्ट सांगणारी ही एक. धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे डोळा मिटत नाही, खांदा दचकत नाही. चाप सुटला त्या क्षणी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, कुठे होती हे दिसतं. मग कागदावरचं भोक आणि डोळ्याने पाहिलेलं चित्र जुळतंय का, एवढंच पाहायचं. जुळलं नाही तर दोष काडतुसाचा, वाऱ्याचा की स्क्रूचा, ते हुडकायला लागायचं. रमायला होतं ते ह्या हुडकण्यात.

माप डोळ्यांसमोर असू दे. ५० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या काबुली चण्याएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टू-टू इंचाची. भोकाची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून साधारण आठ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. सगळा हिशेब ह्या आठ मिलिमीटरांचा.

आता काडतूस हातात घ्या. त्याचं नाव पॉइंट टू-टू लाँग रायफल, १८८७पासून चालत आलेलं. टोकापासून बुडापर्यंत एक इंच. शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम, आणि बोटाला किंचित चिकट लागते, कारण तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो. बूड पाहा: मोठ्या काडतुसाला मधोमध पेट घेणारी वेगळी टिकली असते, ती इथे नाही. पेट घेणारं मिश्रण कडेच्या पोकळ घडीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. त्या घडीत मिश्रण सगळीकडे सारखं बसलं तर प्रत्येक गोळी सारख्या वेगाने सुटते. कुठे कमी-जास्त बसलं तर नाही. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे सात मिलिमीटर वर-खाली जाते. आपले आठांतले सात तिथेच संपले. हे काडतूस पुन्हा भरताही येत नाही, त्यामुळे घरी बसून सुधारण्याची सोय नाही. चांगलं निवडणं एवढंच हाती उरतं.

म्हणून लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं. डब्यावर छापलेला लॉट नंबर कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचा. एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून निरनिराळे जातात, आणि एका रायफलला आवडलेला लॉट शेजारच्या रायफलला मानवेल याची खात्री नाही. तपासायचं असेल तर रायफल टेकूवर ठेवून, वारा नसताना, एका लॉटचे निदान तीन ग्रुप मारावेत, ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या दहा गोळ्यांची भोकं. पाचच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नये. पाच गोळ्या नशिबानेही एका भोकात जातात. निवड करताना सर्वांत चांगला ग्रुप बाजूला ठेवावा आणि सर्वांत वाईट पाहावा. काडतुसाची जात बदलली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत: नळीत आधीच्या मेणाचा थर असतो, तो जाऊन नव्याचा बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. पुष्कळ जण इथेच फसतात. तीन जाती आणतात, प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या मारतात आणि "ही रायफलच बरोबर नाही" म्हणून मोकळे होतात.

जास्त वेगाची काडतुसं कागदासाठी घेऊ नयेत. मॅचचं, म्हणजे स्पर्धेचं, काडतूस नळीतून सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाने निघतं, म्हणजे आवाजाच्या खालीच. आपल्याकडे ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. ३८०च्या आसपास निघालेली गोळी वाटेतच आवाजाच्या वेगातून खाली उतरते आणि उतरताना हलते.

बोल्टच का, हेही विचारतात. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा. आपोआप भरणाऱ्या रायफलीत काडतूस अडकू नये म्हणून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, थोडं सैल ठेवावं लागतं, आणि गोळी सुटल्याबरोबर आतला भाग मागे धावू लागतो. बोल्ट मात्र आपण उघडेपर्यंत कुलूप घातल्यासारखा बसतो, म्हणून चेंबर घट्ट कापता येतं. मॅच रायफलीत काडतूस सरकवून बोल्ट मिटताना शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला हाताला किंचित अडल्यासारखं होतं. ती गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना टेकलेली असते. न झाडता काडतूस बाहेर काढलंत तर शिशावर आट्यांचे बारीक ओरखडे मोजता येतील इतके स्वच्छ दिसतात. रोज प्रत्येक गोळी त्याच जागी टेकते. अचूकतेचं अर्धं रहस्य त्या ओरखड्यांत आहे. पण हा प्रयोग वारंवार करू नका. घट्ट चेंबरमध्ये कधी गोळी नळीतच राहते आणि नुसती पितळी टोपी (काडतुसाचं कवच) हातात येते, दारू बोल्टमध्ये सांडते. भरलेलं काडतूस रेंजवरच झाडून संपवलेलं बरं.

आता कागद वाचायचा. ग्रुप उभा लांबला, तर आधी काडतुसाकडे पाहा, मग श्वासाकडे. दर वेळी श्वास एकाच पातळीला थांबत नसेल तर नळी वर-खाली होतेच. दोन्ही ठीक असतील तर झाडलेल्या टोप्या उचला आणि कडेवरचा पिनचा ठसा बघा. ठसा उथळ किंवा कमी-जास्त खोल असेल तर पिनची स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेलं तेल साठलं आहे. ग्रुप आडवा पसरला, तर वारा किंवा चापावरचं बोट. बोट पेराच्या मध्यावर नसलं की चाप सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो. आणि एकाच कागदावर दोन वेगळे ग्रुप आले, चार इकडे, सहा तिकडे, तर वाऱ्याला दोष देण्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासा. गोव्यात ही तक्रार जून ते सप्टेंबर फार. लाकडी दस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि नळीचा भाग त्यात कधी असा कधी तसा बसतो. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा) घ्यावा, रायफलीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यालाच आवळावं, आणि दर पंधरवड्याला पाहावं. "हाताच्या अंदाजाने घट्ट" हे माप दोन दिवस सारखं नसतं.

वारा हा गोव्यातला खरा मास्तर. भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे गुणपत्रिकेवर उतरतात. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो, मग थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारपर्यंत वाढत जातो. काडतुसं तपासायची ती ह्या मधल्या स्तब्ध वेळात. आकडा सांगतो: सेकंदाला एक मीटरचा आडवा वारा, म्हणजे उदबत्तीचा धूर कलतो पण पान हलत नाही इतकाच, गोळीला ५० मीटरवर साधारण सहा मिलिमीटर सरकवतो. माडाच्या झावळ्या सळसळायला लागल्या, सेकंदाला चारेक मीटर, की तीच गोळी २४ मिलिमीटर जाते आणि आठावर बसते. शिवाय ती नुसती आडवी सरकत नाही. उजव्या पिळाच्या नळीत डावीकडून आलेला वारा गोळीला उजवीकडे आणि थोडं खाली नेतो. उजवीकडून आलेला डावीकडे आणि वर. मोठ्या स्पर्धेत वाऱ्याच्या पट्ट्या १० आणि ३० मीटरवर लावतात. जवळच्या पट्टीकडे जास्त लक्ष द्यावं, कारण सुरुवातीला मिळालेला ढकला गोळी शेवटपर्यंत वाहून नेते. नवशिक्याने साइटचे क्लिक, म्हणजे नेम सरकवणारे खटके, फिरवत वाऱ्यामागे धावू नये. एक स्थिती ठरवावी, पट्टी अमुक इतकी कललेली असताना झीरो करावं (गोळी मध्यावर पडेल अशी साइट जुळवावी), आणि पट्टी पुन्हा तशीच होईपर्यंत थांबावं. थांबणं हे ह्या खेळातलं फार मोठं कौशल्य आहे, आणि मला त्यातलं सर्वांत आवडतं तेच.

साइटबद्दल थोडक्यात: स्पर्धेच्या रायफलीवर भिंग नसतं, मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे कडं असतं. सरावाला भिंग लावणार असाल तर ते ५० मीटरला जुळवता येणारं घ्या. मोठ्या रायफलींची भिंगं बहुधा १०० यार्डांसाठी बसवलेली असतात. जवळच्या कागदावर डोळा जरा हलला की नेमही हललेला दिसतो.

देखभालीत आपल्याकडची दमट, खारी हवा विसरून चालत नाही. हाताचा घाम पुसला नाही तर एका रात्रीत बोल्टच्या दांड्यावर तांबूस छटा येते. फोमची पेटी प्रवासासाठी. घरी त्यात रायफल ठेवू नये, फोम ओल धरून बसतो. तेलाच्या फडक्याने पुसून, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर महिन्याला तापवून कोरड्या कराव्यात. नळी साफ करताना दांडी मागून, चेंबरच्या बाजूने घालावी, मार्गदर्शक नळी लावून. पुढून घातली तर तोंडाची कड घासते, आणि गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती तिथेच. चेंबरच्या जरा पुढे काजळीचं कडं साठतं, ते नीट काढावं. बाकीची नळी उगाच घासू नये. आत तेल लावून ठेवलं असेल तर मारण्याआधी दोन कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, नाहीतर पहिली गोळी कुठेही जाते. रिकामा चाप ओढून सराव करायचा तर आधी रायफलीच्या पुस्तिकेत परवानगी आहे का पाहावं किंवा प्लास्टिकचं खोटं काडतूस घालावं. साध्या रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटून खळगा पाडते आणि मग टोप्या अडकू लागतात.

काडतुसांचं एक खास इथलं दुखणं. जांभ्याच्या लाल मातीत काडतूस पडलं की मेणाला बारीक खडी चिकटते. पुसून वापरू नका. पुसलं तर मेण जातं, नाही पुसलं तर खडी नळीतून घासत जाते. ते रेंजवरच्या खराब काडतुसांच्या डब्यात टाकावं. डबा उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मेण वितळतं, वेग बदलतो.

खेळणं समजू नका, हे मात्र प्रत्येकाला सांगतो. ही एवढीशी गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. मागे मातीचा पुरेसा बांध असलेली मान्यताप्राप्त रेंज सोडून कुठेही ती झाडायची नाही. पोफळीच्या कुळागरात नाही, किनाऱ्यावर नाही. चाप ओढून आवाज झाला नाही तर नळी कागदाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नुसता फुस्स झाला तर पुढची गोळी भरण्याआधी नळीतून आरपार दिसतंय ना ते पाहा.

परवाना आपापल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. पण कुणी पहिल्या दिवशी परवान्यामागे लागू नये. २० ज्यूलखालच्या (गोळीची ताकद) पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन इंची एअर रायफलीला परवाना लागत नाही. चाप, श्वास आणि सुटल्यानंतरही स्थिर राहणं तीवर सहा महिन्यांत अंगवळणी पडतं. मग क्लबच्या पॉइंट टू-टूवर या.

पहिला पन्नासचा डबा उघडाल तेव्हा कागद उलटा लावा, कोरी बाजू पुढे. मध्ये काळ्या पेनाने एक गोल काढा. गुण मोजायला वर्तुळंच नाहीत, त्यामुळे दहा-नऊचा विचार येत नाही. पहिल्या दहा गोळ्या नळीसाठी सोडा. पुढच्या तिसांत साइटला हात लावू नका. दर दहानंतर कागद बदला आणि कोपऱ्यात वेळ आणि वारा लिहा. भोकं गोलापासून कितीही लांब पडोत, एकमेकांच्या जवळ पडताहेत ना तेवढं बघा. उरलेल्या दहांसाठी आता क्लिक फिरवा.