सिम नको, तरी सेल्युलर: आमची वाटचाल

न्यू जर्सीतल्या सॉमरसेट काउंटीत, एका छोट्या विमानतळाला लागून आमचं दुकान आहे. सेसना १७२, पायपर चेरोकी अशी चार आसनांची विमानं उडवणारी मंडळी हे आमचं गिऱ्हाईक. उडताना नकाशे बघायला टॅब्लेट, तो योकवर (वैमानिकाच्या हातातल्या चाकावर) किंवा मांडीवर बसवायचं साहित्य, हवामान आणि आसपासच्या विमानांची माहिती पकडणारा एडीएस-बी रिसीव्हर, पॉवर बँक असं सामान आम्ही विकतो आणि सगळं जोडून, चालवून दाखवूनच हातात देतो. २०१२ मध्ये मी आणि माझ्या पत्नीनं घराच्या गॅरेजमधून सुरुवात केली. मी आयटीतली नोकरी करत शनिवार-रविवार उडायचो, ती हिशेब आणि पार्सलं सांभाळायची. आज दुकानात आमच्या जोडीला आणखी माणसं आहेत, पण धंदा उभा राहिला तो एका प्रश्नावर: फक्त वाय-फायचा आयपॅड घेऊ की सिमचीही सोय असलेला सेल्युलर?

हा प्रश्न पहिल्या आयपॅडबरोबरच आला. ॲपलनं ३ एप्रिल २०१० ला विकायला आणला तो फक्त वाय-फायचा आयपॅड. थ्रीजीवाला, म्हणजे सेल्युलर, ३० एप्रिलला आला, १३० डॉलरनं महाग. फरक कशाचा, तर इंटरनेटचा, असं सगळीकडे सांगितलं जायचं. वैमानिकाला महत्त्वाचा असलेला फरक जाहिरातीत फारसा नव्हताच. जीपीएस फक्त थ्रीजीच्या आयपॅडमध्ये होता, वाय-फायच्या आयपॅडमध्ये नव्हता. आजही आयपॅडच्या बाबतीत हेच आहे.

वाय-फायचा आयपॅड आपलं ठिकाण ओळखतो ते आजूबाजूच्या राउटरवरून. इथल्या एडिसन गावात ओक ट्री रोडच्या बाजारात उभे राहा, तो तुम्हाला नेमका दुकानासमोर दाखवेल. तीन हजार फुटांवर मात्र त्याला ऐकू येतील असे राउटर नसतात. नकाशा पडद्यावर असतो, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी असतात, धावपट्ट्यांची लांबी असते, फक्त त्या नकाशावर आपलं विमान नसतं.

सेल्युलर आयपॅड घ्या असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग दर महिन्याला डेटा प्लॅनचे पैसे भरायचे का? नाही. जीपीएसला सिम लागत नाही, टॉवर लागत नाही, कुणाची वर्गणी लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत असतात, टॅब्लेटनं ते फक्त ऐकायचं असतं. चार उपग्रह नीट ऐकू आले की अक्षांश, रेखांश आणि उंची निघते.

सिम नसण्याचा परिणाम होतो तो एवढाच की सुरुवातीला थोडा वेळ लागतो. नेटवर्क असेल तर कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती टॅब्लेटला आयती मिळते. नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रह बोलतो सेकंदाला जेमतेम ५० बिट या गतीनं. स्वतःच्या कक्षेची माहिती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं जातात. म्हणून बरेच दिवस बंद राहिलेला आयपॅड विमानाभोवतीची तपासणी करतानाच चालू करून काचेजवळ ठेवा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. हँगरच्या पत्र्याखाली बसून वाट बघण्यात अर्थ नाही.

एका मोबाइल कंपनीच्या स्थानिक एजंटनं आम्हाला सुचवलं होतं की प्रत्येक सेल्युलर आयपॅडमागे प्लॅन जोडून द्या, कमिशन मिळेल. त्या वेळी धंदा लहान होता आणि ते पैसे उपयोगी पडले असते. पत्नीनं हिशेबाची वही समोर ठेवून विचारलं, "गिऱ्हाईकाला हवेत गेल्यावर याचा काय उपयोग?" उपयोग नव्हता. मोबाइलचे टॉवर जमिनीवरच्या माणसांसाठी रोखलेले असतात, वर सिग्नल आला तरी येतो-जातो. शिवाय ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले सेलफोन उडत्या विमानात वापरायला एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची बंदीच आहे. आम्ही प्लॅन विकला नाही, आजही विकत नाही. जमिनीवर हवामान बघायचं, फ्लाइट प्लॅन भरायचा, तर खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण कुणा ओळखीच्या वैमानिकानं पाठवलेले असतात, आणि त्यामागे हा निर्णय आहे असं मला मनापासून वाटतं.

मग प्रश्न बदलला तो एडीएस-बीमुळे. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवतीच्या आणि इतर ठरावीक हवाई हद्दीत विमानानं आपली जागा प्रसारित करणं सक्तीचं झालं. त्याच यंत्रणेतून ९७८ मेगाहर्ट्झवर एफएए (अमेरिकेची हवाई वाहतूक यंत्रणा) हवामान आणि आसपासच्या विमानांची माहिती फुकट पाठवते. ती घेणारे हातात मावणारे रिसीव्हर त्याच्या बऱ्याच आधी बाजारात आले होते. या छोट्या डब्यांमध्ये बहुधा स्वतःचा, चांगल्या प्रतीचा जीपीएस असतो. ते स्वतःचं वाय-फाय तयार करतात आणि आयपॅडला ठिकाणासकट सगळं पुरवतात. म्हणजे असा रिसीव्हर तुमच्याकडे असेल तर वाय-फायचा आयपॅडही विमान नकाशावर अचूक दाखवतो. हे आम्ही कुणापासून लपवत नाही. आयपॅड मिनीच्या ए१७ प्रो मॉडेलमध्ये वाय-फायची किंमत ४९९ डॉलर, सेल्युलरची ६४९. हा दीडशेचा फरक विद्यार्थ्यासाठी लहान नसतो.

तरीही विचारलंत तर मी सेल्युलरच सांगेन, आणि त्याचं कारण हडसन नदीवर समजतं. आमच्याकडचे वैमानिक हौसेनं तिथे जातात. वर न्यूयॉर्कच्या मोठ्या विमानतळांची क्लास बी हद्द (नियंत्रकाच्या परवानगीशिवाय जिथे शिरता येत नाही), खाली पाणी, मधला १,३०० फुटांखालचा अरुंद पट्टा नियंत्रकाच्या परवानगीविना मोकळा. उत्तरेकडे जाणाऱ्यानं पूर्व काठ धरायचा, दक्षिणेकडे येणाऱ्यानं पश्चिम काठ. वेग १४० नॉटच्या आत. व्हेराझानो पूल, स्वातंत्र्यदेवी, काठावरची इंट्रेपिड ही जुनी युद्धनौका, जॉर्ज वॉशिंग्टन पूल अशा खुणांवर रेडिओच्या १२३.०५ फ्रिक्वेन्सीवर स्वतःची जागा सांगत जायचं. हेलिकॉप्टरांची ये-जा अखंड. अशा ठिकाणी रिसीव्हरची बॅटरी संपली, किंवा मागच्या सीटवरच्या प्रवाशाच्या पायाचा धक्का लागून तो बंद पडला, आणि त्याच क्षणी नकाशावरून आपलं विमान गेलं, तर मान खाली घालून डबा शोधण्याची ती वेळ नव्हे. आयपॅडमध्येच जीपीएस असला तर ॲप त्याच्यावर काम चालू ठेवतं. हवामान आणि इतर विमानं दिसायची थांबतात, आपली जागा राहते. खिडकीबाहेर बघणं मात्र कशानंच सुटता कामा नये.

ज्यांचं स्वतःचं विमान आहे आणि समोरच्या पॅनलमधला गार्मिन कंपनीचा जीपीएस ब्लूटूथनं टॅब्लेटला ठिकाण देतो, त्यांना आम्ही खुशाल वाय-फायचा घ्या म्हणतो. त्यांची यंत्रणा पक्की बसवलेली असते, विमानाच्या विजेवर चालते. भाड्याच्या विमानात आज एक, उद्या दुसरं, असं उडणाऱ्यांचं तसं नसतं. पॅनलमध्ये काय असेल ते त्या दिवशी कळतं, म्हणून जे लागेल ते आपल्या पिशवीतच हवं.

महाराष्ट्रातून फोन येतात ते याच गटातल्यांचे, म्हणजे त्यांच्या आईवडिलांचे. मुलगा किंवा मुलगी फ्लोरिडात, टेक्ससमध्ये वैमानिकाचं शिक्षण घ्यायला निघालेली असते. साताऱ्याचे एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, फी भरून हात रिकामे झालेत, त्यात हा आयपॅड. स्वस्तात काही होईल का?" होतं. त्यांना सांगितलं की वापरलेला सेल्युलर आयपॅड घ्या. अमेरिकेत एखाद्या मोबाइल कंपनीला लॉक असलेले जुने सेल्युलर आयपॅड कमी किमतीत मिळतात, कारण दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. आपल्याला सिम घालायचंच नसतं, आणि त्या लॉकचा जीपीएसशी संबंध नाही. बघायच्या गोष्टी दुसऱ्या: आधीच्या मालकाचा ॲपल आयडी काढलेला हवा, बॅटरी तग धरणारी हवी, आणि फोरफ्लाइट हे वैमानिकांचं नकाशांचं ॲप किंवा जे ॲप शाळेत वापरतात त्याला लागणारी आयपॅडओएसची आवृत्ती त्यावर चढायला हवी. फार जुना घेतला तर इथेच अडतं. साठवणुकीतही काटकसर नको. सेक्शनल चार्ट (वैमानिकांचे प्रदेशवार नकाशे) ५६ दिवसांनी आणि उतरण्याच्या पद्धतींचे तक्ते २८ दिवसांनी बदलतात, नवे उतरवताना जुनेही काही काळ जागा अडवतात.

अँड्रॉइडचं गणित निराळं. सॅमसंगच्या बऱ्याच गॅलॅक्सी टॅबमध्ये वाय-फायच्या मॉडेललाही जीपीएस असतो, तिथे सेल्युलरसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. फोरफ्लाइट मात्र आयपॅड-आयफोनवरच चालत आलं आहे. अँड्रॉइडवाल्यांना गार्मिन पायलटसारख्या ॲपचा पर्याय आहे. शाळा काय वापरते ते आधी विचारा, खरेदी नंतर.

उष्णता दोन्ही प्रकारांना सारखीच छळते. ॲपल ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचं वातावरण चालेल म्हणतं, जुलैत धावपट्टीशेजारी उभ्या विमानाची केबिन त्याच्या पुढे जाते. जाड कव्हर काढा, पंख्याचा माउंट घ्या, थेट ऊन टाळा. आणि तेच ॲप फोनवरही चालू ठेवा. फोनला स्वतःचा जीपीएस असतो आणि तो सावलीत, खिशात असतो.

काउंटरवर आम्ही दोन्ही आयपॅड शेजारी ठेवतो. गिऱ्हाईकाला घेऊन बाहेर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, जायचं, दोन्हींचं वाय-फाय बंद करायचं आणि धावपट्टीच्या कुंपणालगत चालत राहायचं. एकावर निळा ठिपका आपल्याबरोबर सरकतो, दुसऱ्यावर जागचा हलत नाही. ही कल्पना पत्नीची. त्यानंतर मला फारसं समजावून सांगावं लागत नाही.

२०२४ च्या आयपॅड प्रोमधून ॲपलनं सिमची खाचच काढून टाकली, आता तिथे फक्त ईसिम. "मग याचा जीपीएस गेला का?" असं विचारणारे तेव्हापासून सुरू झाले आहेत. गेला नाही. ईसिम चालू करू नका, ठिकाण तरी दिसेल. फोन करणार असाल तर तीन गोष्टी हाताशी ठेवा: विमान कोणतं, स्वतःचं की भाड्याचं, आणि रिसीव्हर आहे का. परगावच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवारी सकाळी दुकान लवकर उघडतो. आपला आयपॅड घेऊन या, आमच्याकडून घेतलेला नसला तरी जोडून देऊ.