स्क्रीनवर 'तयार', ट्रे रिकामा

फास्ट फूडच्या दुकानात स्क्रीनवर माझ्या ऑर्डरचा नंबर 'तयार'च्या रकान्यात सरकला, म्हणून काउंटरपाशी गेलो. ट्रे रिकामा.

"दोनच मिनिटं हं," पलीकडची मुलगी म्हणाली. फ्राइज अजून तेलातच होत्या. मग 'तयार' कसं काय, विचारलं तर हळूच म्हणाली, "आत घड्याळ चालू असतं सर. ते लाल व्हायच्या आत बटण दाबावं लागतं."

म्हणजे ऑर्डर घेतल्यापासून सेकंद मोजले जातात आणि बटण दाबलं की मोजणी थांबते. भूक मात्र चालूच. (माझी तरी.)

नोंदीत माझी ऑर्डर वेळेत दिलेली असणार. मी पुढची सहा मिनिटं तिथेच उभा होतो. चिडायचं तरी कुणावर? त्या मुलीवर तर नाहीच.

पावतीवर खाली छापलं होतं, 'आमची सेवा कशी वाटली?' किती तारे देऊ, सांगा.