आजोबांपेक्षा म्हातारा मासा

ऑरेंज रफी नावाचा मासा अंडी घालायच्या वयात यायलाच वीस-तीस वर्षं लावतो आणि पुढे आरामात शंभरी ओलांडतो, म्हणजे प्लेटमध्ये आलेला तुकडा खाणाऱ्याच्या आजोबांपेक्षा म्हातारा असू शकतो. हा मासा समुद्राखालच्या डोंगरांभोवती राहतो. बहुतेक जुने ज्वालामुखी, तळापासून हजार मीटर किंवा जास्तच उंच, असे हजारो आहेत आणि बऱ्याच जणांकडे अजून कोणी फिरकलेलंही नाही. २००५ मध्ये अमेरिकेची एक अणुपाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला अशाच एका डोंगरावर जाऊन आदळली, वापरत होते त्या नकाशात तो नव्हताच!

आजूबाजूला नुसता गाळ आणि मधेच हा टणक खडक, त्याला अडून प्रवाह जोर धरतो आणि वाहत्या पाण्यातून खाणं आपसूक समोर येतं, म्हणून कोरल (प्रवाळ) आणि स्पंज हे एका जागी चिकटून राहणारे जीव तिथे ठाण मांडून बसतात. घाई कोणालाच नाही. हवाईकडच्या एका ब्लॅक कोरलचं वय कार्बन डेटिंगने ४२०० वर्षांच्या वर निघालंय.

रफी अंडी घालायला डोंगराभोवती झुंडीने जमतात आणि तेच त्यांच्या मुळावर आलं. ट्रॉलरला, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटीला, शोधत फिरायची गरजच उरली नाही, १९८० च्या दशकात न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडे अक्षरशः लूट झाली आणि काही वर्षांत मासाच मिळेना. त्यात हे जाळं काही हलकं प्रकरण नव्हे, खालच्या कडेला जड रोलर असतात, ते खडकावरून घासत गेले की शेकडो वर्षांच्या कोरलचा एका फेरीत भुगा. टास्मानियाच्या दक्षिणेला कॅमेरे सोडून बघितलं तर जाळं न लागलेला डोंगर कोरलने गच्च आणि जाळं फिरलेला पार बोडका.

बंदी घातली की परत सगळं उगवतं असंही नाही. न्यूझीलंडच्या काही डोंगरांवर १५ वर्षांनी पाहिलं तरी फारसा फरक नव्हता. पण हवाईच्या वायव्येला, जिथे ३०-४० वर्षं कोणी हात लावला नव्हता, तिथे मोडक्या तुकड्यांतूनच कोरल पुन्हा वाढताना दिसलं! मला तर ही बातमी त्या बोडक्या डोंगरांपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता खाणवाल्यांचा डोळा आहे खडकावरच्या कोबाल्टच्या थरावर, जो दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्राचा, म्हणजे कोणत्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्राचा, करार लागू झालाय, त्यात संरक्षित क्षेत्रं ठरवायची सोय आहे, पण मासेमारीचे नियम एकाकडे, खाणीचे दुसऱ्याकडे, त्यामुळे एकेका डोंगरासाठी किती बैठका होतील देव जाणे.